नाटकातला राजा, इतिहासातला राजा, पडद्यावरचा राजा : पडसाद शोधायचे कसे आणि ताडून बघायचे कसे

शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या सुखात्मिकेवर केनेथ ब्रॅनाहने २००० साली संगीतमय चित्रपट केला. त्याबद्दल लिहिताना बहुतेकांची एकाच जागी गफलत होते. नाटकातला नाव्हारचा (फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या जुन्या राज्याचा) राजा म्हणजे फ्रान्सचा चौथा हेन्री, त्याच्याकडे येणारी फ्रान्सची राजकन्या म्हणजे त्याची बायको मार्गरित, अशी जोडी लावून लिहिणारा मोकळा होतो. चित्रपटाची गोष्ट १९३९ मध्ये घडते हे लक्षात आलं की त्यात प्रेमासाठी गादी सोडणारा इंग्लंडचा आठवा एडवर्डही कोंबला जातो. मग एकाच राजाच्या अंगात तीन राजे, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच नाही.

ही सवय आपल्याला जुनी आहे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला, सरकारनेही तोच पाहिला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पण तिथे मुखवटा मुद्दाम चढवलेला होता. इथे तसं नाही. नावं इतिहासातली, पेचही बराचसा इतिहासातला, पण माणसं मात्र नाटकातलीच. त्यामुळे ‘कोण म्हणजे कोण’ विचारलं की गाडी अडते; ‘कुठला पेच कुठून आला आणि पडद्यावर त्याचं काय झालं’ असं विचारलं की काम पुढे सरकतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम बदलला की चुका कुठून शिरतात, तेही जागोजागी सांगितलं आहे.

तयारी

तीन गोष्टी हाताशी हव्यात. टिपा असलेली नाटकाची पूर्ण संहिता, चित्रपट (साधारण दीड तासाचा आहे), आणि आडवी धरून पाच रकाने आखता येतील अशी वही. रकाने असे : संहितेतली जागा, इतिहासातली घटना, तिचं साल, चित्रपटातली वेळखूण, शेरा. शेऱ्याचा रकाना शेवटच्या टप्प्यापर्यंत कोरा ठेवायचा.

संहितेतली जागा अंक आणि प्रवेश लिहूनच नोंदवा. ओळींचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात. पाचव्या अंकाचा दुसरा प्रवेश एकटाच नऊशे ओळींच्या वर जातो. तिथे ‘अंक ५, प्रवेश २’ एवढंच लिहिलं तर नंतर जागा सापडत नाही, म्हणून सोबत बोलणाऱ्याचं नाव आणि विषयाचे दोन शब्द टाका.

चार बैठका धरा : एक संहितेसाठी, एक इतिहासासाठी, दोन चित्रपटासाठी. सगळं एका रविवारी उरकायचा मोह आवरा. चित्रपटातली गाणी डोक्यात घोळत असताना संहिता वाचली की त्यात नसलेल्या गोष्टीही दिसायला लागतात.

टप्पा १ : आधी संहिता, आणि फक्त संहिता

पहिल्या वाचनात इतिहास बाजूला ठेवा. पेच कुठे कुठे आहे एवढंच टिपायचं. हे नाटक चार जागांवर उभं आहे.

पहिली, अंक १ प्रवेश १ मधली शपथ. राजा आणि त्याचे तीन सरदार तीन वर्षं अभ्यासाला बसणार : रात्री तीनच तास झोप, दिवसाला एकच जेवण, आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपास, आणि बाईचं दर्शन नाही. याच प्रवेशात त्या सरदारांपैकी बिरून आठवण करून देतो की फ्रान्सची राजकन्या येतेच आहे, तिच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बापासाठी अ‍ॅक्विटेन प्रांताची बोलणी करायला. हे वाक्य अधोरेखित करा. शेवटी येणाऱ्या मृत्यूची पहिली चाहूल इथे आहे, आणि बहुतेक वाचक ती हसण्याच्या भरात ओलांडून जातात.

दुसरी, अंक २ प्रवेश १ मधला व्यवहार. राजकन्येच्या बापाचं म्हणणं, एक लाख क्राउन फेडले. राजाचं म्हणणं, ते मिळालेच नाहीत. आणि मिळाले असते तरी ती अर्धीच रक्कम, आणखी एक लाख बाकी, म्हणून अ‍ॅक्विटेनचा एक भाग गहाण आहे. प्रेमाच्या नाटकातला हा सगळ्यात रुक्ष उतारा, आणि आपल्या कामासाठी सगळ्यात सकस.

तिसरी, अंक ४ प्रवेश ३. चौघेही शपथ मोडताना एकमेकांना सापडतात, आणि शपथ मोडणं हाच खरा धर्म, असं बिरून साग्रसंगीत सिद्ध करून दाखवतो.

चौथी, शेवटच्या प्रवेशात मार्काडे नावाचा फ्रेंच निरोप्या बातमी घेऊन येतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत राजकन्या ओळखते की वडील गेले. लग्नं होत नाहीत. बारा महिने आणि एक दिवस थांबायचं ठरतं.

*तपासणी :* राजाचं नाव काय, असं स्वतःला विचारा. ‘फर्डिनंड’ म्हणालात तर ते कुठे सापडलं ते बघा. १५९८ च्या छापील प्रतीत हे नाव रंगसूचनेत आणि बोलणाऱ्याच्या नावात आहे. संवादात ते कुणाच्याही तोंडी नाही. प्रेक्षागृहात बसलेल्याच्या कानावर ‘नाव्हार’ एवढंच पडायचं. राजकन्येला तर नावच नाही, आणि त्या प्रतीत काही ठिकाणी तिच्या संवादांपुढे ‘राणी’ असंच छापलं आहे. पडसाद कानावर पडतो, छापील पात्रयादीत नव्हे, हे इथेच पक्कं करून घ्या.

टप्पा २ : नावांची झडती

आता नावं घ्या, पण एकेक करून. घाऊक जुळवाजुळव नको.

बिरून हे नाव चौथ्या अंकात चंद्राच्या इंग्रजी शब्दाशी यमकात येतं, म्हणजे उच्चार शेवटी लांबतो. तसा म्हणून बघितला की हेन्रीचा सेनापती मार्शल बिराँ लगेच ऐकू येतो. दुसरा सरदार लाँगव्हिल म्हणजे लाँगव्हिलचा ड्यूक, तोही हेन्रीच्याच बाजूचा. इथवर सरळ आहे.

गाडी अडते ती तिसऱ्या सरदारापाशी, ड्युमेनपाशी. हे नाव मायेनच्या ड्यूकशी जुळतं, आणि तो तर कॅथलिक लीगचा (प्रोटेस्टंटांविरुद्ध लढणाऱ्या कॅथलिकांच्या गटाचा) म्होरक्या, हेन्रीचा उघड शत्रू. १५९६ पर्यंत त्याने पुरती शरणागती पत्करली नव्हती. नाटकात मात्र तो राजाच्या मांडीला मांडी लावून शपथ घेतो. इथे दोन वाटा असतात. हट्टाने नवा ड्यूक शोधायचा, किंवा मान्य करायचं की लंडनमध्ये फ्रान्सच्या लढायांच्या बातम्यांतून जी नावं कानी पडत होती तीच नाटककाराने उचलली, बाजू न बघता. दुसरी वाट धरा. एक ड्युमेन ‘सगळी पात्रं म्हणजे खरी माणसं’ हा सिद्धांत मोडायला पुरेसा आहे, आणि तो लवकर मोडलेला बरा.

*सावधान :* बिराँ दोन आहेत. बाप आर्माँ जुलै १५९२ मध्ये एपर्नेच्या वेढ्यात मारला गेला; मुलगा शार्ल राजद्रोहाच्या आरोपावरून १६०२ मध्ये देहदंडाला गेला. नाटक १५९८ मध्ये छापलेलं आहे. मुलाचा देहदंड ‘नाटकात सूचित आहे’ असं लिहिलं की लेख तिथेच बुडाला.

टप्पा ३ : सालांचा तक्ता

एका पानावर, वरून खाली, एवढी सालं लिहा :

- १५७२ : जूनमध्ये आई वारल्यावर हेन्री नाव्हारचा राजा. १८ ऑगस्टला मार्गरितशी लग्न, २४ ऑगस्टला पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल.
- १५७६ : हेन्री फ्रेंच दरबारातून निसटतो.
- १५७८ : मार्गरित आणि तिची आई कॅथरिन द मेदिची नवऱ्याकडे दक्षिणेत येतात. पुढच्या फेब्रुवारीत नेराकचा तह.
- १५८४ : फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ, आलांसाँचा ड्यूक फ्रान्स्वा वारतो, हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस.
- १५८९ : तिसऱ्या हेन्रीचा खून; नाव्हारचा हेन्री फ्रान्सचा चौथा हेन्री.
- १५९३ : २५ जुलैला तो कॅथलिक होतो.
- १५९९ : मार्गरितशी झालेलं लग्न रद्द.
- १६१० : हेन्रीचा खून.

नाटक बहुधा १५९४-९५ च्या सुमाराचं आहे. १५९३ आणि १५९९ या नोंदींच्या मधोमध लाल रेघ मारा. रेघेच्या वरचं नाटक लिहिणाऱ्याला माहीत असू शकतं, खालचं नाही. मात्र खालचं अगदी फेकून देऊ नका. १६०५ मध्ये हे नाटक पहिल्या जेम्सच्या राणीसमोर, अ‍ॅनसमोर झालं, तेव्हा ते बघणाऱ्यांना रद्द झालेलं लग्नही ठाऊक होतं आणि धाकट्या बिराँचं डोकं उडाल्याचंही. लिहिणाऱ्याचा पडसाद आणि बघणाऱ्याचा पडसाद वेगवेगळा लिहायचा, ही सवय इथे लागली तर १९३९ आणि २००० पर्यंत पोचताना त्रास होत नाही.

टप्पा ४ : पेचाशी पेच लावा

टप्पा १ मधल्या चार जागा आणि हा तक्ता शेजारी ठेवा. आता जुळवायचं, पण माणसाला माणूस नव्हे, पेचाला पेच.

व्यवहाराचा उतारा घ्या. १५७८ मध्ये फ्रेंच राजघराण्यातली बाई आपल्या बायकांच्या लवाजम्यासकट नाव्हारच्या राजाकडे आली होती, आणि बोलण्यांत हुंड्यात दिलेल्या दक्षिणेकडच्या प्रांतांचा विषय होता. चित्र जुळतं : बाई येते, सोबत बायका, मुद्दा जमिनीचा. आता न जुळणारं लिहा, आणि ते तितक्याच ठसठशीत अक्षरात. मार्गरित तेव्हा सहा वर्षांची लग्नाची बायको होती, नाटकातली राजकन्या कुमारिका आहे. मार्गरितचा बाप दुसरा हेन्री १५५९ मध्येच वारला होता, नाटकातला बाप शेवटच्या प्रवेशात मरतो. म्हणजे पेच आला, कुटुंब आलं नाही.

शपथेचा पडसाद याहून पक्का आहे, आणि नेमका तोच बहुतेकांच्या हातून सुटतो. इंग्लंडने प्रोटेस्टंट हेन्रीच्या मदतीला पैसा आणि सैन्य धाडलं होतं. एसेक्सचा अर्ल १५९१ मध्ये रुआँच्या वेढ्यासाठी गेला होता. आणि १५९३ मध्ये तोच हेन्री गादीसाठी धर्म बदलून बसला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत लंडनच्या रंगमंचावर ‘नाव्हार’ नावाचा राजा येतो, भल्यामोठ्या शपथा घेतो, मोडतो, आणि त्याचा मित्र धर्मशास्त्राच्या भाषेत सांगतो की शपथभंग हेच पुण्य. इथे चेहरा जुळवायची गरजच पडत नाही. नाव आणि कृती, एवढ्यावर प्रेक्षक हसला असणार, आणि ते हसू थोडं कडवट असणार.

*सावधान :* ‘पॅरिससाठी एक मास (कॅथलिक उपासना) म्हटला तर काय बिघडलं’ हे हेन्रीच्या नावावर खपणारं वाक्य इथे चिकटवू नका. ते त्याच्याच तोंडचं, असा त्या काळातला पुरावा नाही.

आलांसाँचा उल्लेख छोटा आहे, पण सोडू नका. दुसऱ्या अंकात त्या ड्यूकचं नाव संवादात येतं. हा गृहस्थ पहिल्या एलिझाबेथचा लग्नाळू उमेदवार होता. इंग्लंडमध्ये त्या नावाने कान टवकारले जाणारच. शेवटच्या प्रवेशात राजा आणि सरदार रशियन बनून येतात, तिथेही शेजारच्या रकान्यात १५८३ लिहा. त्या सुमाराला रशियाचा झार इव्हान याचा दूत त्याच्यासाठी वधू बघायला एलिझाबेथच्या दरबारी आला होता.

टप्पा ५ : चित्रपट, दोनदा

पहिल्यांदा वही मिटून बघा. खरंच मिटून. गाणी चालू असताना टिपणं काढली की गाण्यांचीच टिपणं होतात.

दुसऱ्यांदा वेळखुणांसकट, आणि दर वेळी एकच प्रश्न : टप्पा १ मधल्या चार जागांचं इथे काय झालं? राहिली, आखडली, गेली, की तिच्या जागी दुसरं काही आलं? संहितेचा मोठा भाग गाळून तिथे बहुतेक १९३० च्या दशकातली गाणी आणि नाच बसवले आहेत, त्यामुळे ‘गेली’ हा शेरा वारंवार पडेल. उदाहरणार्थ, रशियन वेषांतराची जागा मुखवट्यांच्या नाचाने घेतली आहे. म्हणजे १५८३ चा पडसाद चित्रपटात उरलाच नाही. नसलेला पडसाद चित्रपटाच्या खात्यावर टाकणं ही दुसऱ्या क्रमांकाची सार्वत्रिक चूक. संहिता वाचलेली असते, ती डोक्यात वाजत असते, आणि आपण ती पडद्यावर ऐकतो.

मग चित्रपटाने स्वतः घातलेलं शोधा. सगळ्यात मोठी भर म्हणजे ‘नाव्हार सिनेटोन न्यूज’ हा कृष्णधवल वृत्तपट. राजाची प्रतिज्ञा, पाहुण्यांचं येणं, सगळं एक खुशालचेंडू निवेदक सांगतो. खऱ्या राजेशाहीचा १९३० च्या दशकातला पडसाद इथे आहे, आणि तो व्यक्तीत नसून प्रकारात आहे. राजा प्रजेला दिसायचा तो सिनेमागृहातल्या वृत्तपटात. सहाव्या जॉर्जचा मे १९३७ मधला राज्याभिषेक तसाच लोकांपर्यंत गेला. (मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं वृत्तचित्र बघत मोठ्या झालेल्या वाचकांना हा सूर वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.) असा निवेदक ‘सगळं छान चाललंय’ म्हणतो तेव्हा १९३९ हे साल त्याच्या पाठीमागे उभं असतं. नाटकातल्या आजारी बापाच्या उल्लेखाचं काम चित्रपट अशा तऱ्हेने करून घेतो.

मार्काडे येतो ती जागा दोन-तीनदा मागे नेऊन बघा. त्याच्या आधी ‘देअर्ज नो बिझनेस लाइक शो बिझनेस’ दणक्यात चाललेलं असतं, आणि मग एकदम शांतता. नाटकातला धक्का जवळजवळ जसाच्या तसा उतरलेली ही एक जागा. फक्त इथे राजाच्या मृत्यूला युद्धाची जोड आहे, त्यामुळे वर्षभराचा विरह महायुद्धाएवढा लांबतो.

*तपासणी :* ते गाणं कोणत्या सालचं? १९४६. म्हणजे १९३९ मध्ये ते कुणी म्हणूच शकत नव्हतं. हे ‘चूक’ म्हणून नोंदवू नका, पण गाण्यांवरून काळ ठरवत असाल तर तो आधार डळमळीत आहे एवढं वहीत असू द्या. काळ सांगणारा भरवशाचा साक्षीदार वृत्तपट आहे, संगीत नव्हे.

विमानतळावरचा निरोप वेगळ्या रंगाने लिहा. तो जुन्या हॉलिवूडचा पडसाद आहे, राजघराण्याचा नाही. दोन्ही प्रकार एका रकान्यात गेले की शेवटी काहीच वेगळं काढता येत नाही.

टप्पा ६ : आता शेरा

कोरा ठेवलेला रकाना भरायची वेळ झाली. तीनच शेरे पुरतात : पक्का, शक्य, बादरायण.

पक्का म्हणजे नाव आणि पेच दोन्ही जुळतात, साल रेघेच्या योग्य बाजूला आहे, आणि जागा बोट ठेवून दाखवता येते. शपथभंग आणि १५९३ चं धर्मांतर हा पक्का. शक्य म्हणजे यातलं एक लंगडं. १५७८ ची भेट इथे बसते. बाकीचं बादरायण.

कसोटी लावून दाखवायची तर आठवा एडवर्ड घ्या. ११ डिसेंबर १९३६ ला त्याचं राज्यत्यागपत्र अमलात आलं, प्रेमासाठी. चित्रपटाची गोष्ट १९३९ ची, राजा प्रेमात शपथ मोडतो, मोह होणारच. पण नाव्हारचा राजा गादी सोडत नाही, त्याच्या लग्नाला घटनेची आडकाठी नाही, आणि थांबायची अट बाई घालते, मंत्रिमंडळ नाही. उरतं काय, तर ‘राजा’, ‘प्रेम’ आणि ‘तिशीचं दशक’. एवढ्यावर निम्म्या युरोपातले राजे बसतील. शेरा : बादरायण.

तसंच १९३९ मधला ‘फ्रान्सचा राजा’ इतिहासात शोधायला जाऊ नका. फ्रान्सचा शेवटचा राजा १८४८ मध्ये पायउतार झाला आणि १८७० पासून तिथे प्रजासत्ताक किंवा त्याची वाटचाल आहे. नाव्हारचं राज्यही तोवर कधीच फ्रान्स आणि स्पेनमध्ये विरून गेलं होतं. गंमत अशी, की त्याचा दक्षिणेकडचा मोठा भाग १५१२ मध्ये गिळणाऱ्या अ‍ॅरागॉनच्या राजाचं नाव फर्डिनंडच होतं. वाचायला झकास, पण पुढचा धागा लागत नाही, म्हणून हाही बादरायण. आपल्याला फार आवडलेल्या जुळण्या दुप्पट कडक तपासा.

युद्धामुळे देश सोडलेले राजे-राण्या, म्हणजे मे १९४० मध्ये लंडन गाठणारी हॉलंडची विल्हेल्मिना किंवा पुढच्या महिन्यात तिथे आलेला नॉर्वेचा हाकोन, यांना चित्रपटाच्या शेवटाशी जोडायचं असेल तर ‘शक्य’च्या पुढे जाऊ नका. युद्धाच्या दृश्यमालिकेतलं वातावरण त्यांचं आहे, पेच त्यांचा नाही.

*तपासणी :* साधारण दहा नोंदींत पक्के दोन-तीनच निघायला हवेत. सात-आठ पक्के निघाले असतील तर टप्पा ४ मधला ‘न जुळणारं’ लिहायचा भाग गाळला गेला आहे. परत जा.

टप्पा ७ : लिहिताना

प्रत्येक पडसादासाठी तीन वाक्यं, याच क्रमाने : संहितेत काय आहे, इतिहासात काय झालं, पडद्यावर त्याचं काय उरलं. न जुळणारं तिसऱ्या वाक्याच्या आधी, दुसऱ्याला लागूनच. ते तळटीपेत ढकललं की वाचक फसवल्यासारखा होतो.

‘म्हणजे’ हा शब्द शोधून काढा. ‘राजा म्हणजे हेन्री’ असं जिथे जिथे आलं असेल तिथे ‘इथे हेन्रीची आठवण होते, कारण’ असं करून बघा. ‘कारण’नंतर वाक्य पुरं करता आलं तर ठेवा, नाही तर ओळ काढा.

शेवटाबद्दल लिहिताना नाटक आणि चित्रपट सांडू नका एकमेकांत. नाटकात जोड्या जुळत नाहीत, आणि वर्षभराचा काळ नाटकात मावण्याजोगा नाही असं बिरूनच म्हणतो. चित्रपट युद्धानंतरची भेट दाखवून मोकळा होतो. खऱ्या हेन्री-मार्गरितचं लग्न १५९९ मध्ये रद्द झालं. ही तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ घालू नका.